मंगळवार पाळणारं ओपनऑफिस

उबंटू या लिनक्स प्रणालीच्या बग-नोंदवहीत, म्हणजे दोषांच्या यादीत, २५५१६१ क्रमांकाची एक नोंद आहे. तिचं शीर्षक मराठीत असं होईल: 'ओपनऑफिसला मंगळवारी छापता येत नाही.' गेली अनेक वर्षं मी ही नोंद पुन्हा पुन्हा वाचतो. लिनक्सवर चालणारे डेस्कटॉप प्रोग्रॅम निरनिराळ्या मशीनांवर तपासून पाहणाऱ्या कोणालाही वाचायला काय द्यावं, असं मला विचारलं तर चाचणीशास्त्राच्या जाड पुस्तकाआधी मी ही नोंद हातात ठेवीन. लिहिणाऱ्यांनी ती वाङ्मय म्हणून लिहिलेली नाही. पण तिला आरंभ आहे, चकवा आहे, कलाटणी आहे आणि एक असं पात्र आहे जे स्वतः एक शब्दही लिहीत नाही.

शीर्षकापाशीच थोडं थांबू. त्यात 'कधीकधी' नाही, 'बहुधा' नाही. वार सांगितला आहे आणि वाक्य संपलं आहे. आपल्याकडे वार पाळणं ही ओळखीची गोष्ट आहे. मंगळवारी केस कापत नाहीत, अमक्या वारी नवं काम सुरू करत नाहीत, हे ऐकतच आपण वाढलो. त्यामुळे मराठी कानाला हे शीर्षक व्रताच्या नियमासारखं ऐकू येतं, आणि यंत्राने व्रत पाळावं हे पटत नाही म्हणून वाचणारा अडखळतो. हे अडखळणं महत्त्वाचं आहे. सॉफ्टवेअर तपासणारा माणूस दिवसाला दहा तक्रारी वाचतो आणि त्यातल्या न पटणाऱ्या तक्रारी नकळत बाजूला सारतो. 'वापरणाऱ्याची काहीतरी चूक असेल' हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार असतं. या शीर्षकाने तीच सवय पहिल्याच ओळीत अडवली आहे.

आता पार्श्वभूमी. २००८ च्या एप्रिलमध्ये उबंटू ८.०४ ही आवृत्ती आली. तिच्यासोबत ओपनऑफिस २.४ हा कार्यालयीन कामाचा प्रोग्रॅम-संच मिळायचा. छपाईचं काम कप्स या यंत्रणेकडे. तुम्ही 'प्रिंट' म्हटलंत की ओपनऑफिस आपला मजकूर पोस्टस्क्रिप्ट या पृष्ठवर्णनाच्या भाषेत लिहितं, ते कप्सच्या हाती जातं, मग प्रिंटरच्या ड्रायव्हरसोबत आलेल्या स्क्रिप्ट त्याला आपापल्या परीने हाताळतात आणि शेवटी कागद बाहेर येतो. यातला प्रत्येक दुवा वेगळ्या माणसांनी, वेगळ्या शहरांत, वेगळ्या दशकांत लिहिलेला. डिस्ट्रो म्हणजे हे सगळे दुवे निवडून, एकमेकांत अडकवून, एका नावाखाली घरोघरी पाठवणारी मंडळी. दुवे सुटे असताना नीट चालतात. साखळीत अडकवल्यावर काय होईल हे साखळी ओढल्याशिवाय कळत नाही, आणि साखळी प्रत्येक घरात थोडी निराळी असते.

नोंदीचा पहिला भाग रुक्ष आहे. २००८ साली कोणीतरी लिहितं की छपाई होत नाही. संशय कप्सवर जातो, मग ओपनऑफिसवर, मग ड्रायव्हरवर. नोंदवहीत 'हा दोष कोणत्या पॅकेजचा' असा एक रकाना असतो. त्या रकान्यातली नावं बदलत जाताना पाहणं म्हणजे पोलीस ठाण्यात एकेका संशयिताला आणून सोडून दिल्यासारखं आहे. प्रत्येकाकडे चांगला बचाव आहे. कप्स म्हणतं, दुसऱ्या प्रोग्रॅमची पानं तर छापतोच आहे. ओपनऑफिस म्हणतं, मी दिलेलं पोस्टस्क्रिप्ट पडद्यावर उघडून पाहा, त्यात खोट नाही. दोघांचंही खरं आहे. असे दोष चाचणी करणाऱ्याला सर्वांत जास्त थकवतात. सुटा तपासला तर प्रत्येक भाग निर्दोष, आणि कागद मात्र येत नाही.

शिवाय हा दोष दुसऱ्या दिवशी नाहीसा होतो. कल्पना करा, मंगळवारी रात्री वैतागून तुम्ही ओपनऑफिस काढून टाकलंत, पुन्हा घातलंत आणि झोपलात. बुधवारी सकाळी छपाई सुरळीत. तुम्ही खात्रीने सांगाल की पुन्हा इन्स्टॉल केल्याने काम झालं. ते तुम्ही चार लोकांना सांगाल, ते आणखी चौघांना, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचा अनुभव तुमच्या बाजूने कौल देईल, कारण आठवड्यातले सहा दिवस तुमच्या बाजूचे आहेत. खोट्या इलाजाला एवढं भक्कम पुरावाबळ देणारा दोष मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि मग ती येते.

एक वापरकर्ता लिहितो की माझ्या बायकोची तक्रार आहे, ओपनऑफिस मंगळवारी कधीच छापत नाही. मग तो सांगतो की तिने ते करून दाखवलं. खरोखरच छापलं नाही. इतर प्रोग्रॅम मात्र छापत होते. एवढंच. तीन-चार छोटी वाक्यं. पण त्यांची रचना बघा. पहिल्या वाक्यात दावा आहे. दुसऱ्यात प्रात्यक्षिक आहे, आणि तेही ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. तिसऱ्यात तुलना आहे: तोच संगणक, तोच प्रिंटर, तोच दिवस, फक्त प्रोग्रॅम वेगळा. कोणत्याही प्रयोगशाळेत यापेक्षा वेगळं काय करतात? तिने बदलणाऱ्या गोष्टींपैकी एक सोडून बाकी सगळ्या स्थिर धरल्या. हे तिने जाणूनबुजून केलं की घरकामाच्या ओघात झालं, याचा उल्लेख नोंदीत नाही, आणि मला त्याची गरजही वाटत नाही.

मला जास्त मोलाचं वाटतं ते याच्या आधीचं, नोंदीत न लिहिलेलं काम. मंगळवार हा शब्द तिच्या तोंडी यायला किती मंगळवार जावे लागले असतील? एका मंगळवारी छापलं नाही तर ते विसरलं जातं. दुसऱ्या मंगळवारी चिडचिड होते. तिसऱ्या-चौथ्या खेपेस कुठेतरी मनात आठवडा मोजला जातो. म्हणजे ती महिनाभर तरी एका लहरी यंत्राकडे लक्ष ठेवून होती, आणि आपण जे पाहतो आहोत ते अशक्य वाटतं म्हणून तिने ते पुसून टाकलं नाही. 'आठवड्यातून एखाद्या वेळी छापत नाही' असं सभ्य, पटण्याजोगं वाक्य तिला सहज करता आलं असतं. तसं झालं असतं तर ही नोंद अजूनही उघडीच असती. तिने पाहिलं तेवढंच आणि तसंच सांगितलं. माझ्या लेखी या नोंदीचं सगळं सौंदर्य त्या एका शब्दाच्या प्रामाणिकपणात आहे.

याच नोंदवहीतली पहिली नोंद, क्रमांक १, उबंटूच्या संस्थापकाने म्हणजे मार्क शटलवर्थ यांनी २००४ साली लिहिली होती. बाजारपेठेवर मायक्रोसॉफ्टचं वर्चस्व आहे, हाच दोष, असा तिचा आशय. ती २०१३ साली बंद झाली. तो जाहीरनामा होता आणि त्या अर्थाने तो महत्त्वाचाही आहे. पण दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तर मी घरातल्या टेबलावरच्या न निघालेल्या कागदाच्या बाजूने उभा राहीन. जगातली सत्ता कोणाकडे आहे हे कळून प्रोग्रॅम सुधारत नाही. मंगळवारी काय होतं हे कळलं की सुधारतो.

वार कळल्यावर तपासाची दिशाच बदलते. जी गोष्ट वाराबरोबर बदलते ती शोधायची, एवढंच उरतं. ओपनऑफिसने लिहिलेल्या पोस्टस्क्रिप्टच्या मथळ्यात निर्मितीची तारीख असते. ३ मार्च २००९ या मंगळवारी तयार झालेल्या अशा फाइलीत तारखेची सुरुवात इंग्रजीत 'ट्यूसडे'च्या पहिल्या तीन अक्षरांनी होते: टी, यू, ई. छपाईच्या वाटेवरची एक स्क्रिप्ट पुढे जाण्याआधी विचारते, हे पोस्टस्क्रिप्टच आहे ना? आणि हा प्रश्न ती युनिक्सच्या अगदी जुन्या घराण्यातल्या एका आज्ञेला विचारते. त्या आज्ञेचं नावही 'फाइल'च.

'फाइल'चं काम सरळ आहे. तिच्याजवळ खुणांची एक लांबलचक यादी असते. अमुक जागी अमुक अक्षरं आढळली तर ही फाइल चित्राची, तमुक आढळली तर संगीताची. फाइलीच्या नावावर ती विश्वास ठेवत नाही, आत डोकावून पाहते. पोस्टस्क्रिप्टची खूण म्हणजे अगदी आरंभी असलेलं टक्केचिन्ह आणि त्यामागचं उद्गारचिन्ह. आपल्या फाइलीत ती खूण होतीच. पण याच यादीत एर्लँगच्या फाइलींसाठीही काही ओळी होत्या, आणि त्यातली एक ओळ आधी जुळली.

इथे ही नोंद उबंटूच्या घरातून थेट स्टॉकहोमला जाते. एर्लँग ही भाषा एरिक्सन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८६ पासून घडत गेली, टेलिफोन एक्स्चेंजसाठी. जो आर्मस्ट्राँग हे तिचे एक जनक, आणि तिच्या सुरुवातीच्या आभासी यंत्राचं नाव जॅम, म्हणजे 'जो'चं यंत्र. त्या जॅमच्या ४.२ आवृत्तीच्या फाइली ओळखायची खूण यादीत दिली होती ती अशी: मंगळवार, २२ जानेवारी १९९१, दुपारचे १४ वाजून ३२ मिनिटं ४४ सेकंद, मध्य युरोपीय वेळ. ही तारीख चौथ्या किंवा एकोणऐंशीव्या जागी सापडली तर ती फाइल जॅमची. खूण उत्तम होती. सेकंदापर्यंत नेमकी तारीख दुसऱ्या कुठल्या फाइलीत त्याच जागी सापडण्याची शक्यता जवळजवळ शून्य.

मात्र त्या यादीच्या व्याकरणात मोकळी जागा म्हणजे रकाना संपल्याची खूण. मजकुरात जागा सोडायची असेल तर तिच्या आधी बॅकस्लॅश, म्हणजे डावीकडे झुकलेली रेघ, द्यावी लागते. इथे ती रेघ दिलेली नव्हती. त्यामुळे खूण पहिल्याच जागेपाशी तुटली. सेकंदापर्यंत नेमकी तारीख गळून पडली आणि उरली फक्त तीन अक्षरं, टी, यू, ई. १९९१ सालचा एक विशिष्ट मंगळवार जगातला कोणताही मंगळवार झाला.

तुटलेल्या खुणेचं शेपूट कुठे गेलं? ते पुढच्या रकान्यात, म्हणजे उत्तराच्या मजकुरात. 'हे काय आहे?' या प्रश्नाला 'फाइल' जे उत्तर देते त्याची सुरुवातच '२२ जानेवारी' अशी होते आणि मग एर्लँगचं नाव येतं. २००९ मध्ये लिहिलेल्या पत्राबद्दल विचारलं आणि उत्तरात १९९१ ची तारीख आली. हा पुरावा प्रत्येक मंगळवारी समोर येत होता, पण त्या उत्तराकडे पाहणारी होती एक स्क्रिप्ट. तिला फक्त 'पोस्टस्क्रिप्ट' हा शब्द हवा होता. तो दिसला नाही, म्हणून तिने काम पुढे जाऊ दिलं नाही. माणसाने ते उत्तर एकदा वाचलं असतं तर तारीख त्याच्या डोळ्यांत खुपली असती.

यादीत शेजारीच जॅमच्या पुढच्या आवृत्तीची खूण आहे, ३ फेब्रुवारी १९९५ ची, आणि तो शुक्रवार होता. तिथेही जागांआधी रेघा नव्हत्या. मग ओपनऑफिसने शुक्रवार का पाळला नाही? त्या ओळीत वाराच्या आधी 'एक पूर्णांक शून्य' असा आवृत्तीचा आकडा आहे. खूण पहिल्या जागेपाशी तुटली तेव्हा हाती उरला आकडा, आणि वार शेपटासोबत बाजूला गेला. नुसत्या आकड्याची खूणही धोक्याचीच, पण तिला वाराशी देणंघेणं नाही. तीन टंकांच्या फरकाने शुक्रवार सुटला.

आणि आता ते एकोणऐंशी. मोजणी शून्यापासून, म्हणजे फाइलीचा ऐंशीवा बाइट. वाराची अक्षरं बरोबर तिथेच पडायला हवीत. पोस्टस्क्रिप्टच्या मथळ्यात कोणत्या प्रोग्रॅमने लिहिलं, कोणासाठी लिहिलं, अशा ओळी तारखेच्या आधी येऊ शकतात. त्यातलं एक नाव लांबलं की तारीख पुढे सरकते, आखूड झालं की मागे. एका अक्षराचा फरक पडला तरी खूण जुळत नाही आणि मंगळवारीही कागद निघतो. म्हणजे ज्या टेस्टरने आपल्या मशीनवर मंगळवारीच तपासून 'इथे तर छापतं' असं लिहिलं असतं, तोही खरंच बोलला असता.

लिनक्सच्या निरनिराळ्या मांडण्यांवर प्रोग्रॅम तपासणं म्हणजे काय, याचं यापेक्षा नेमकं उदाहरण मला माहीत नाही. आजचा एखादा टेस्टर कागदावर तक्ता मांडतो. सहा डिस्ट्रो घेतो, प्रत्येकाच्या दोन आवृत्त्या, चार डेस्कटॉप, एक्स-इलेव्हन आणि वेलँड या पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या दोन यंत्रणा, तीन जातींची ग्राफिक्स कार्डं, पडद्याच्या दोन प्रमाणपट्ट्या आणि दहा भाषा. गुणाकार ५,७६० येतो. एवढ्यानेच घाम फुटतो. त्यात वार धरला तर ४०,३२०. प्रिंटर अजून धरलेलाच नाही, वापरणाऱ्याच्या नावाची लांबी तर दूरच. म्हणून टेस्टर तक्त्यातली काही घरं निवडतो आणि बाकीची सोडून देतो. दुसरा मार्ग नाही, आणि यात त्याचा दोषही नाही. स्वयंचलित चाचण्या असतात, सूझे आणि फेडोरा या प्रकल्पांत ओपनक्यूए नावाची यंत्रणा आख्खा डेस्कटॉप चालवून पडद्यावर काय उमटलं ते ताडून पाहते, आणि ती फार मोलाची आहे. तरी आपण न निवडलेल्या घरांत माणसं राहतात, आणि त्या घरांतून बातमी यावी लागते.

मराठी वाचकाचं घर हे असंच, बहुधा न निवडलेलं. मशीनची भाषा मराठी ठेवली की लिनक्स वाराचं संक्षिप्त नाव 'मंगळ' असं लिहितं. इंग्रजीतला वार तीन बाइटांचा, आपला 'मंगळ' बारा बाइटांचा. मथळ्यातली तारीख एखाद्या प्रोग्रॅमने मराठीत लिहिली असती, तर त्या मशीनवर हा दोष दिसलाच नसता, आणि कदाचित दुसराच कुठला दिसला असता. देवनागरीची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची. 'दुसऱ्या'तला अर्धा 'ऱ', मराठी वळणाचा 'ल' आणि 'श', ही सगळी फॉन्ट, अक्षर जुळवणारी यंत्रणा आणि भाषेची निवड अशा तिघांच्या संगनमताने पडद्यावर येतात. पुण्यात रेड हॅटमध्ये काम करणाऱ्या मंडळींनी लोहित फॉन्टवर वर्षानुवर्षं कष्ट घेतले, त्यामागे अशाच असंख्य बारीक तक्रारी होत्या. त्या तक्रारी लिहिणाऱ्या मराठी माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

यावर तोडगा म्हणून पुढे फ्लॅटपॅक, स्नॅप, ॲपइमेज असे प्रकार आले. प्रोग्रॅमला लागणारं सामान त्याच्यासोबतच बांधून द्यायचं, म्हणजे घराघरांतला फरक कमी. हे प्रकार मला आवडतात आणि मी ते वापरतो. पण फ्लॅटपॅकमधल्या प्रोग्रॅमलाही छापायचं झालं की आपल्या गाठोड्याबाहेर येऊन घरच्या छपाई यंत्रणेलाच हाक मारावी लागते, आणि तिथे पुन्हा तीच साखळी उभी असते. २५५१६१ मधला दोष बरोबर याच उंबरठ्यावर होता.

या नोंदीत मला एक गोष्ट खटकते, आणि रसग्रहणात ती सांगायला हवी. शोध जिने लावला तिचा आवाज आपल्याला थेट ऐकू येत नाही. नवऱ्याने प्रामाणिकपणे श्रेय तिला दिलं आहे, ते दडवलेलं नाही, हे खरं. पण प्रात्यक्षिक तिचं, वार तिचा, आणि नोंदवहीत खातं मात्र दुसऱ्याचं. तिने स्वतः लिहिलं असतं तर पहिला मंगळवार कोणता, त्या दिवशी ती काय छापत होती, शंका कधी आली, हेही कदाचित आपल्याला वाचायला मिळालं असतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आणि तपासणाऱ्यांनी नोंदवही इतकी सोपी ठेवायला हवी की घरातल्या ज्या माणसाला दोष दिसला, त्याच माणसाला तो लिहिता यावा. मधला निरोप्या नेहमीच इतका सच्चा मिळेल असं नाही.

दुरुस्ती लहानशीच होती. दोष अखेर कप्सच्या, ओपनऑफिसच्या किंवा ड्रायव्हरच्या नावावर राहिला नाही, तो 'फाइल' या पॅकेजच्या खात्यात गेला. त्या पॅकेजच्या यादीत एर्लँगची ओळ आजही आहे: मंगळवार, २२ जानेवारी १९९१, दुपारचे १४:३२:४४. मूळ इंग्रजी खुणेत सहा शब्द आहेत, त्यांच्यामध्ये पाच मोकळ्या जागा, आणि आता प्रत्येक जागेआधी एक बॅकस्लॅश आहे.